सीलबंद मंडले आणि दुरुस्तीचे दस्तऐवज : ध्वनिविवर्धकांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित साधन

बीजसंज्ञा : ध्वनिविवर्धक, सीलबंद मॉड्यूल, दुरुस्ती, तंत्रज्ञानाचा इतिहास, साधनचिकित्सा

प्रास्ताविक

मराठी इतिहाससंशोधनाची घडण कागदांच्या शोधातून झाली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि अस्सल पत्राच्या आधारावाचून विधान करू नये, ही शिस्त येथील अभ्यासकांच्या अंगवळणी पडली. तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाला ही शिस्त उपयोगी पडते. पण ती पुरी पडत नाही. त्याच्यासमोर वस्तू असते, तिचा कागद मात्र पुष्कळदा नसतो. तो जळालेला किंवा कसरीने खाल्लेला असतो असेही नाही. उत्पादकाने तो मुळात बाहेरच दिलेला नसतो. अशा वेळी वस्तू हीच एकमेव साक्षीदार उरते. तिची साक्ष इतिहासकाराच्या आधी कोणी काढली असेल, तर ती दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने.

जुन्या ध्वनिविवर्धकांत (बोलीभाषेत ‘अ‍ॅम्प्लिफायर’) बसविलेली सीलबंद मॉड्यूले हे याचे ठळक उदाहरण होय. मॉड्यूल म्हणजे रोधक, धारित्रे व ट्रान्झिस्टर एकत्र जोडून तयार केलेले छोटे विद्युत मंडल. ते राळेत बुडविलेले, काचेत कोंडलेले किंवा धातूच्या पत्र्यावर छापून वरून झाकलेले असते. बाहेर फक्त तारांची टोके दिसतात. ते निकामी झाले की दुरुस्तीचा प्रश्न हाच संशोधनाचा प्रश्न बनतो : आत काय आहे?

सीलबंद मंडल म्हणजे उत्पादकाने मुद्दाम राखलेले गुपित, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. प्रस्तुत निबंधात हा समज तपासावयाचा आहे. १९२६ पासूनची उदाहरणे क्रमाने पाहिली असता सील करण्यामागे निदान चार-पाच वेगवेगळी कारणे दिसतात, आणि गुपित राखणे हे त्यांपैकी एकच आहे.

काचेतील विवर्धक

पहिले उदाहरण बर्लिनमधील आहे. लोवे कंपनीने १९२६ मध्ये ‘३ एन एफ’ या नावाची निर्वात नलिका बाजारात आणली. सिग्मुंड लोवे आणि त्या वेळी अवघ्या १९ वर्षांचा असलेला मानफ्रेड फॉन आर्डेन यांची ही रचना. एकाच काचेच्या फुग्यात तीन त्रिप्रस्थ (ट्रायोड), चार रोधक आणि दोन धारित्रे कोंडलेली होती. पहिला त्रिप्रस्थ आकाशवाणीच्या लहरीतून ध्वनिसंकेत वेगळा काढी व उरलेले दोन त्याचे विवर्धन करीत. बाहेरून वेटोळे, बदलते धारित्र, विद्युत घट व ध्वनिक्षेपक जोडला की रेडिओ तयार होई. कंपनीचा ‘ओ ई ३३३’ हा स्वस्त रेडिओ याच नलिकेवर आधारलेला होता.

एवढे भाग एका काचेत घालण्याचे कारण म्हणून एक कथा सर्रास सांगितली जाते. जर्मनीत रेडिओवरील आकारणी नलिकांच्या संख्येवरून होत असे आणि ती चुकविण्यासाठी तिघींची एक नलिका केली, अशी ती कथा. आकारणीचा लाभ झाला असेलच. पण या एका कारणावर सारा भार टाकणे सयुक्तिक वाटत नाही. जोडणीची मजुरी वाचते, तारा आखूड राहतात आणि घेणाऱ्याच्या हातून चुकीची जोडणी होण्याची भीती उरत नाही, हे लाभ आकारणी नसतानाही होतेच. रोधक व धारित्रे यांतून निघणारे वायू निर्वात बिघडवतील म्हणून प्रत्येक भाग पुन्हा स्वतंत्र काचनळीत बंद केलेला असे. केवळ कर चुकविण्यासाठी एवढा खटाटोप कोणी करील, हे पटण्यास कठीण आहे.

या रचनेतला मोठा दोष उघड होता. तिघांपैकी एक तंतू जळाला तरी संपूर्ण नलिका निरुपयोगी. कंपनीला याची जाणीव होती, म्हणून जळालेल्या नलिकेचा तंतू दुरुस्त करून देण्याची सोय तिने ठेवली होती. ज्याने बंद केले त्यानेच उघडून दुरुस्त करावे, अशी ही व्यवस्था होती. आणखी एक बाब नोंदविण्यासारखी आहे. काच पारदर्शक होती. नलिका उजेडात धरली की आतले भाग मोजता येत आणि त्यांची जोडणीही डोळ्यांनी शोधता येई. सीलबंद असणे आणि अज्ञात असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या पहिल्याच उदाहरणात दिसते.

उखळी तोफेपासून दिवाणखान्यापर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत उखळी तोफेच्या गोळ्यासाठी सान्निध्य फ्यूज बनविण्याचे काम चालू होते. लक्ष्याच्या जवळ येताच गोळा आपोआप फुटावा, यासाठी त्याच्या टोकात एक लहानसा रेडिओ बसवावा लागे, आणि तोफेचा धक्का सोसेल इतके ते मंडल मजबूत असावे लागे. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली मिलवॉकी येथील ग्लोब-युनियन कंपनीच्या सेंट्रलॅब विभागाने चिनीमातीसारख्या पट्टीवर चांदीच्या शाईने तारा व कार्बनच्या शाईने रोधक छापण्याची पद्धत विकसित केली.

युद्ध संपल्यावर ही पद्धत नागरी वस्तूंत आली. सेंट्रलॅबच्या ‘कपलेट’ नावाच्या पट्ट्या १९५० च्या दशकातील असंख्य अमेरिकन रेडिओ व दूरचित्रवाणी संचांत आढळतात. एका नलिकेकडून दुसरीकडे ध्वनिसंकेत नेणारे रोधक व धारित्रे तीत एकत्र असत आणि वरून रंगाचा किंवा मेणाचा थर दिलेला असे. श्रवणयंत्रांसाठी ‘अँपेक’ नावाचा संपूर्ण विवर्धकही याच पद्धतीने बनला.

येथे गुपिताचा प्रश्न जवळजवळ उद्भवलाच नाही. छापील मंडलाच्या तंत्रावर ब्यूरोने १९४७ मध्येच विस्तृत पुस्तिका प्रसिद्ध केली होती. त्याहून महत्त्वाचे काम इंडियानापोलिसच्या हॉवर्ड सॅम्स यांच्या प्रकाशनसंस्थेने केले. १९४६ पासून निघू लागलेल्या ‘फोटोफॅक्ट’ मालेसाठी संस्थेचे तंत्रज्ञ बाजारात आलेला संच प्रत्यक्ष समोर ठेवून त्याचा आराखडा स्वतः काढीत. उत्पादकाच्या कागदावर ते विसंबून राहत नसत. कपलेटच्या आत कोणता रोधक किती किमतीचा आहे, हेही त्यात दिलेले असे. त्यामुळे पट्टी बिघडली आणि नवी मिळाली नाही, तर कारागीर सुटे रोधक व धारित्रे लावून काम भागवू शके. दुरुस्तीसाठीचे साहित्य हा स्वतंत्र प्रकाशनव्यवसाय त्या देशात होता, ही बाब आपल्याकडील परिस्थितीशी तुलना करताना लक्षात ठेवली पाहिजे.

राळेचे ठोकळे

१९६० च्या दशकात ट्रान्झिस्टरवर आधारलेले क्रियात्मक विवर्धक (ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर) मोजमापाच्या व गणनयंत्रांच्या क्षेत्रात वापरले जाऊ लागले. काड्याच्या पेटीएवढ्या डबीत मंडल बसवून वरून इपॉक्सी राळ ओतलेली असे. राळ का, याचे उत्तर ट्रान्झिस्टरच्या स्वभावात आहे. अशा विवर्धकाच्या प्रवेशाशी ट्रान्झिस्टरांची एक जोडी असते आणि दोहोंचे तापमान सारखे राहणे अत्यंत आवश्यक असते. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा प्रवेश-विद्युतदाब सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. जोडीतला एक दुसऱ्यापेक्षा एका अंशाने गरम झाला, तर दोन मिलिव्होल्टची तफावत पडते; तिचे शंभर पट विवर्धन झाले की बाहेर २०० मिलिव्होल्टची चूक दिसते. पंख्याचा एक झोतदेखील त्यास पुरेसा असतो. राळेमुळे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच उबेत राहतात, धक्का व दमट हवा यांपासून बचाव होतो. आणि प्रतिस्पर्ध्याला आत डोकावता येत नाही, हाही लाभ ओघाने आलाच. तिन्ही कारणे एकाच ओतकामात मिसळलेली असल्याने त्यांतील प्रधान कोणते, हे वस्तूवरून सांगता येत नाही. उत्पादकांच्या जाहिरातींवरून तर मुळीच सांगता येत नाही.

ध्वनिक्षेत्रात ही परंपरा दोन वाटांनी आली. ऑटोमेटेड प्रोसेसेस (ए पी आय) या अमेरिकन कंपनीसाठी सॉल वॉकर यांनी १९६९ च्या सुमारास ‘२५२०’ हे मॉड्यूल रचले. ध्वनिमुद्रण केंद्रांतील मिश्रणमंचांत ते अगणित संख्येने वापरले गेले. ते राळेत बंद होते, तथापि खाली ठराविक अंतरावर पिना होत्या. बिघडले की उपटून दुसरे खुपसावे, मंच क्षणभरही अडू नये, हा हेतू. पुढे डीन जेन्सन यांनी ‘जे ई ९९०’ या विवर्धकाचे संपूर्ण मंडल ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात १९८० मध्ये प्रसिद्ध केले. त्याची मांडणी २५२० च्याच जागेत बसेल अशी होती. एकाच खाचेत एकीकडे बंद ठोकळा आणि दुसरीकडे सर्वांसमोर उलगडून ठेवलेले मंडल, असे दोन्ही बसू लागले. संगीतकारांना दोहोंचा आवाज निरनिराळा भासे, हा भाग वेगळा.

दुसरी वाट घरगुती पण अतिशय महागड्या उपकरणांची. मार्क लेव्हिन्सन यांच्या कंपनीचा ‘एल एन पी-२’ हा पूर्वविवर्धक १९७३ च्या सुमारास आला. आरंभीच्या प्रतींत रिचर्ड बर्वेन यांनी रचलेली सीलबंद मॉड्यूले होती. बर्वेन हे मूळ मोजमाप-उपकरणांच्या क्षेत्रातले. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या सुरुवातीच्या मॉड्यूलांच्या रचनेत त्यांचा हात होता. म्हणजे प्रयोगशाळेतली राळ त्यांच्याबरोबर दिवाणखान्यात आली. नंतरच्या प्रतींत कंपनीने स्वतःची मॉड्यूले बसविली, तीही बंदच. त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच चेहऱ्याच्या दोन पेट्यांच्या आत दोन भिन्न मंडले असू शकतात. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला पाठभेदांची जी अडचण येते, तिच्याशी ही अडचण बरीच मिळतीजुळती आहे.

अ‍ॅल्युमिनियमची पाठ

संख्येच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अध्याय जपानी आहे. सान्यो कंपनीच्या ‘एस टी के’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकर मॉड्यूलांनी १९७० ते १९९० या दशकांतील घरगुती विवर्धकांचा मोठा भाग व्यापला. रचना अशी : पाठीमागे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर विद्युतरोधक थर, त्यावर तांब्याच्या वाटा, छापलेले रोधक, आणि आवरण नसलेले ट्रान्झिस्टरचे नागवे तुकडे केसाहून बारीक तारांनी जोडलेले. वरून काळे प्लॅस्टिकचे झाकण चिकटविलेले. पाठ उष्णताशोषकावर स्क्रूने आवळली की काम झाले. ‘एस टी के ४१४१’ ज्या मालेत येते तिच्यात वाहिनीला ६ वॅटपासून ५० वॅटपर्यंत निरनिराळ्या शक्तीची मॉड्यूले होती, सर्वांच्या १८ पिना एकाच क्रमाने. एकच छापील पट्टी बनवून विद्युतपुरवठा व मॉड्यूल बदलले की लहान-मोठे विवर्धक तयार होत. शिवाय शक्तिट्रान्झिस्टर आणि त्यांच्या तापमानानुसार प्रवाह सावरणारा ट्रान्झिस्टर एकाच पट्टीवर असल्याने कारखान्यात एकेका संचाची वेगळी जुळवाजुळव करावी लागत नसे. येथे सील करण्याचे मुख्य कारण मजुरी व वेळ यांची बचत हेच होय.

सान्योने माहिती अगदीच दडविली असेही नाही. तिच्या माहितीपत्रकांत आतल्या मंडलाचे चित्र असे. मात्र रोधकांच्या किमती नसत. घराचा नकाशा द्यावा आणि मापे वगळावीत, तसा हा प्रकार. खरे अंधारातले मंडल म्हणजे एखाद्या उत्पादकासाठी खास बनविलेले, त्याच्या स्वतःच्या क्रमांकाचे मॉड्यूल. टेक्निक्सच्या काही विवर्धकांतील ‘एस व्ही आय’ क्रमांकांची मॉड्यूले या वर्गातली. ती खुल्या बाजारातील मालाच्या यादीत नसत. सुटा भाग म्हणून कंपनीकडूनच मिळत, आणि कंपनीने पुरवठा थांबविला की विषय संपला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) आणि पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली या बाजारांतून एस टी के मॉड्यूल, त्याची छापील पट्टी, ट्रान्सफॉर्मर व पत्र्याची पेटी असे सुटे साहित्य घेऊन गावोगावचे कारागीर विवर्धक जोडीत. पेटी एकाची, मॉड्यूल दुसऱ्याचे, दर्शनी पट्टीवरचे नाव तिसऱ्याचेच. अशा संचाला दुरुस्तीपुस्तिका असण्याचा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाईक ‘आयसी उडाली’ एवढेच सांगे आणि कारागीर मॉड्यूलवरचा क्रमांक वाचून तसेच दुसरे आणी. मूळ मंडल समजून घेण्याची निकड तोपर्यंत भासली नाही, कारण बदली माल स्वस्त आणि मुबलक होता.

ती निकड पुरवठा आटल्यावर भासू लागली. सान्योचा अर्धवाहक विभाग १ जानेवारी २०११ रोजी ऑन सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थायलंडमधील महापुरात आयुथया येथील रोजाना औद्योगिक वसाहतीतला सान्योचा कारखाना पाण्याखाली गेला आणि नव्या मालकाने तो पुन्हा सुरू केला नाही. एकात्मिक मंडले व डिजिटल विवर्धक यांच्यापुढे संकर मॉड्यूलांचे दिवस तसेही भरत आले होते. ध्वनिविवर्धनाची एस टी के मॉड्यूले उत्पादनातून गेली. मागणी मात्र जुन्या संचांमुळे राहिली. ही पोकळी नकली मालाने भरून काढली. झाकणावर नाव व क्रमांक हुबेहूब, आत मात्र लहान आकाराचे ट्रान्झिस्टर. संच चालू होतो, हळू आवाजात बराही वाजतो आणि पूर्ण विद्युतदाबावर भार येताच जळतो. अस्सल-नकलाची पारख हा कारागिराच्या कामाचा भाग झाला. अक्षरांची ठेवण, झाकणाचा पोत, पट्टीची जाडी, आणि शंका फिटली नाही तर एक नग फोडून आतील तुकड्यांचा आकार पाहणे, या त्याच्या कसोट्या बनावट सनदा ओळखणाऱ्या संशोधकाच्या कसोट्यांहून फारशा दूर नाहीत.

दुरुस्तीची रीत

सीलबंद मॉड्यूलाच्या दुरुस्तीत पहिली पायरी म्हणजे मॉड्यूलावर संशय न घेणे. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संचात विद्युतअपघटनी धारित्रे सुकलेली असतात, झाळ तडकलेली असते, ध्वनिक्षेपक जोडणाऱ्या रिलेचे स्पर्शबिंदू काळवंडलेले असतात, एखादा रोधक उघडा पडलेला असतो. अनुभवी कारागीर आधी हे सर्व बाद करतो. ज्याला आतले दिसत नाही, त्यावर खापर फोडण्याचा मोह नवशिक्याला अधिक होतो.

संच प्रथम चालू करताना तो सिरीज लॅम्पमधून करावयाचा, हा आपल्याकडील प्रत्येक वीजकारागिराला ठाऊक असलेला नियम येथेही लागू पडतो. साठ किंवा शंभर वॅटचा तंतूचा दिवा मुख्य पुरवठ्याच्या ओळीत जोडला की आत कोठे थेट जोड झालेला असल्यास दिवा लख्ख पेटतो आणि संच वाचतो. सर्व ठीक असल्यास तो क्षणभर उजळून मंदावतो. त्यानंतर बहिर्गमनाचा स्थिर विद्युतदाब मोजला जातो. धन व ऋण असा दुहेरी पुरवठा असलेल्या निरोगी विवर्धकात तो शून्याच्या अगदी जवळ असतो. तो पुरवठ्याच्या एका टोकाला चिकटलेला आढळला, तर आतला शक्तिट्रान्झिस्टर आरपार झाला असण्याचा संभव मोठा.

आता खरा प्रश्न. प्रत्येक पिनेवर किती दाब असावयास हवा, हे सांगणारा कागद नाही. तेथे स्टीरिओ रचना मदतीला येते. डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या एकसारख्या असतात आणि बहुधा त्यांतली एकच बिघडते. जी चालू आहे तीच बिघडलेलीची पुस्तिका. कारागीर दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पिनेवरील दाब, जमिनीपर्यंतचा रोध आणि डायोड-कसोटीचे आकडे दोन स्तंभांत लिहून काढतो. जेथे स्तंभ जुळत नाहीत तेथे दोष. दोन प्रतींच्या तुलनेतून मूळ पाठ ठरविणाऱ्या संपादकाची हीच पद्धत आहे, फरक एवढाच की येथे दोनच प्रती आहेत आणि त्यांतली एक खात्रीने भ्रष्ट आहे. दोन्ही वाहिन्या एकाच झाकणाखाली असतील आणि दोन्ही निकामी झाल्या असतील, तर हा आधारही सुटतो. मग तसाच दुसरा चालू संच शोधावा लागतो.

पिनांवरून आतला आराखडा बराचसा सिद्ध करता येतो. प्रवेशाला एक किलोहर्ट्झचा संकेत दिला आणि बहिर्गमनाला तो दोलनदर्शीवर पाहिला की विवर्धनाचे प्रमाण कळते. पिनांच्या जोड्यांमध्ये ०.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसला की तेथे सिलिकॉनची एक संधी आहे, १.२ च्या आसपास दिसला की बहुधा दोन एकापुढे एक. क्ष-किरण चित्राने राळेतल्या भागांची जागा, धारित्रांचे आकार व तारांचा माग दिसतो. किंमत दिसत नाही. त्यापुढची पायरी विनाशाची आहे. गरम हवेने राळ मऊ करून कणाकणाने खरवडणे, किंवा डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात दिवसचे दिवस भिजविणे. हे द्रावक आरोग्यास घातक असल्याने मोकळी हवा व हातमोजे यांच्यावाचून ते काम करणे धोक्याचे आहे. एवढे करूनही ट्रान्झिस्टरवरचे क्रमांक उत्पादकाने आधीच घासून टाकलेले आढळतात, ते निराळेच.

एस टी केचे झाकण त्या मानाने सहज निघते. पातळ पात्याने कडेचा चिकटा कापला की आतील मंडल उघडे पडते, आणि मृत्यूचे कारणही बऱ्याचदा दिसते. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाने तापले की दर दशलक्ष भागांत सुमारे २३ भाग प्रसरण पावते. सिलिकॉन केवळ २.६ भाग. संच प्रत्येक वेळी तापतो व निवतो तेव्हा हे दोन पदार्थ एकमेकांना ओढतात. हजारो वेळा हे घडल्यावर झाळ तडकते, बारीक तार आपल्या जागेवरून सुटते. संच थंड असताना वाजतो आणि अर्ध्या तासाने गप्प होतो, अशी तक्रार आली की जाणता कारागीर याच दोषाची शक्यता मनात धरतो. सुटलेली तार पुन्हा बसविणे हातकामाने जवळजवळ अशक्य. म्हणून काही जण मॉड्यूलमधील चालू भाग तसाच ठेवून जळालेल्या शक्तिट्रान्झिस्टरांचे काम बाहेर बसविलेल्या सुट्या ट्रान्झिस्टरांकडून करून घेतात. काही जण सर्वच सोडून त्याच पिनांवर बसणारी नवी छापील पट्टी सुट्या भागांनी तयार करतात.

अशी पट्टी तयार करणाऱ्याला आराखडा काढावाच लागतो. त्या कागदावर संचाचे नाव, पिनांचे दाब, अंदाजलेल्या किमती आणि खाडाखोड असते. अनेक मॉड्यूलांच्या बाबतीत जगात उपलब्ध असलेला हा पहिला आणि एकमेव दस्तऐवज असतो. तो ग्रंथालयात नसतो. तो दुकानातल्या वहीत, पाकिटाच्या मागे किंवा संचाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पेन्सिलने लिहिलेला असतो, आणि दुकान बंद झाले की रद्दीत जातो.

लपविण्यासाठीच लपविलेले

ज्यांत गुपित हाच हेतू होता, अशी उदाहरणेही आहेत आणि ती टाळून चालणार नाही. अमेरिकेतील अलेक्झांडर डंबल (मृत्यू २०२२) हे गिटारसाठी हाताने विवर्धक बनवीत आणि मंडलाच्या महत्त्वाच्या भागावर राळेचा थर देत. बिल फिनेगन यांनी १९९४ च्या अखेरीस आणलेल्या ‘क्लॉन सेंटॉर’ या गिटार-उपकरणाची मंडलपट्टीही काळ्या राळेखाली होती. सुमारे आठ हजार नग बनले. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात हौशी तंत्रज्ञांनी राळ काढून मंडल उलगडले आणि त्याच्या असंख्य प्रतिकृती निघाल्या. फिनेगन यांनी २०१२ मध्ये आणलेल्या पुढच्या उपकरणावर राळ नव्हती. लहान कारागिराच्या दृष्टीने पाहता त्याच्या गुपितामागे पोटाचा प्रश्न होता, हे मान्य केले पाहिजे. राळ खरवडणारा दरवेळी दुरुस्तीच करीत असतो, असे मानण्याचे कारण नाही.

कायद्याची भूमिका मात्र स्पष्ट आहे. व्यापारी गुपित चोरीने मिळविणे वर्ज्य, पण बाजारातून रीतसर घेतलेली वस्तू उघडून तिची रचना समजून घेणे वैध, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केवानी ऑइल विरुद्ध बायक्रॉन या १९७४ च्या खटल्यात नमूद केले. भारतात अर्धवाहक एकात्मिक मंडलांच्या मांडणीविषयीचा कायदा २००० मध्ये झाला. त्यातही शास्त्रीय मूल्यमापन, विश्लेषण, संशोधन वा अध्यापन यांसाठी मोकळीक आहे. दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले. त्याचा रोख भ्रमणध्वनी, वाहने, शेतीची अवजारे व टिकाऊ घरगुती वस्तू यांच्या चालू उत्पादकांवर आहे. ज्याचा उत्पादकच उरला नाही, त्या वस्तूच्या मालकाला तेथे दाद मागता येत नाही.

मूळ वस्तू आणि मूळ कार्य

दुरुस्ती झाल्यावर जे उरते ते काय, हा प्रश्न वस्तुसंग्रहालयांना जितका सतावतो तितकाच तो संग्राहकांनाही सतावतो. बर्वेन यांची मॉड्यूले काढून नवी बसविलेला ‘एल एन पी-२’ सुरेख वाजेल. परंतु १९७३ चा आवाज कसा होता, हे तपासण्याची संधी त्या संचापुरती संपते. मॉड्यूले तशीच ठेवली, तर पेटी मुकी राहते आणि तिची साक्षही मुकी राहते. मॉड्यूल फोडले तर आराखडा मिळतो व मॉड्यूल जाते. पुरातत्त्वातल्या उत्खननाप्रमाणे येथेही पुरावा वाचण्याची क्रिया पुराव्याचा नाश करते. म्हणून फोडण्यापूर्वीची मोजमापे, छायाचित्रे व क्ष-किरण चित्रे यांना फोडल्यानंतरच्या आराखड्याइतकेच मोल आहे. दोन निकामी मॉड्यूले हाती असतील तर एकच फोडावे, दुसरे जपून ठेवावे, असा संकेत जाणते कारागीर पाळतात. तो त्यांना कोणी शिकविलेला नाही.

लोवेच्या नलिकेच्या बाबतीत संग्राहकांनी काढलेला मार्ग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तंतू दुरुस्त करून देणारी कंपनीची सोय कधीच संपली. काच फोडून तंतू बदलण्याचे कसब असणारे आता विरळाच. म्हणून मूळ नलिकेसारख्याच पिना असलेल्या तळावर तीन छोट्या स्वतंत्र नलिका, चार रोधक आणि दोन धारित्रे जोडून पर्यायी नलिका तयार केली जाते. आतली जोडणी कोणाला विचारावी लागत नाही. ती काचेतून दिसते. पर्यायी नलिका रेडिओत बसते, रेडिओ वाजतो, आणि जळालेली मूळ नलिका त्याच्या शेजारी फळीवर न फोडता ठेवलेली असते.